घोड्याला सोबती आणताय? या चुका टाळा

‘घोडा एकटा पडलाय, दिवसभर खिंकाळतो, एखादी शेळी आणून सोडू का?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने शेळी आधीच ठरवलेली असते, त्याला फक्त हो ऐकायचं असतं. मी हो म्हणत नाही. आधी विचारतो, शेळी राहणार कुठे, खाणार काय, घोडा फिरायला नेल्यावर ती कोणाजवळ थांबणार? इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण विचार फक्त घोड्याचा झालेला असतो, तोही अर्धाच.

घोड्याला सोबत हवी, यात वादच नाही. पण सोबती म्हणून जो जनावर येतो त्याला त्याचं स्वतःचं पोट असतं, स्वतःचे आजार असतात आणि त्यालाही त्याच्या जातीची माणसं हवी असतात. शेळी दहा-पंधरा वर्षं जगते, गाढव तीस वर्षंही सहज काढतं. घोड्याचं खिंकाळणं थांबावं म्हणून घाईघाईत आणलेला जीव पुढे इतकी वर्षं सांभाळायचा आहे, हे आणण्याच्या दिवशी कोणाच्या ध्यानात नसतं. खालच्या सगळ्या चुका याच घाईतून होतात आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच होताना बघून मी थकलो आहे.

घोडा खरंच एकटेपणाने त्रासला आहे का, हे न बघणं

घोडा ठाणावर उभा राहून डाव्या-उजव्या पायावर झुलतो, लाकडात दात रोवून वारा गिळतो, कुंपणाच्या कडेने खेपा घालून जमिनीत चर पाडतो. मालक म्हणतो, एकटा आहे बिचारा. असेलही. पण हाच घोडा दिवसातले वीस-बावीस तास कोंडलेला असतो, दोन वेळा चंदी (धान्याचा खुराक) आणि मूठभर गवत एवढ्यावर असतो, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. घोड्याचं जठर चोवीस तास आम्ल तयार करतं, खाणं येवो न येवो. पोट रिकामं राहिलं की जठरात व्रण होतात, आणि लाकडात दात रोवण्याच्या सवयीचा या व्रणांशी संबंध काही अभ्यासांत दिसून आला आहे. अशा घोड्याशेजारी तुम्ही चार शेळ्या बांधल्या तरी त्याचं पोट दुखायचं थांबणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. आधी चारा वाढवायचा. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साडेसात ते दहा किलो कोरडा चारा लागतो, तो त्याला थोडा थोडा करत दिवसभर मिळेल अशी सोय करायची. मग रोज मोकळं सोडायचं. पशुवैद्याकडून दात आणि पाय बघून घ्यायचे. एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर सोबतीचा विषय काढायचा. हा महिना थांबायची तयारी नसलेला माणूस सोबतीही नीट निवडत नाही, असं मी पाहत आलो आहे.

दुसरा घोडा शक्य असताना शेळीवर भागवणं

घोड्याचा सर्वांत चांगला सोबती घोडाच. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण दुसरा घोडा म्हणजे दुसरा नालबंद, दुसरी चंदी, दुसरी जागा. पण घोडा घोड्याला जे देतो ते शेळी कितीही गुणी असली तरी देऊ शकत नाही.

दोन घोडे समोरासमोर तोंडं विरुद्ध दिशेला करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, खोगिराचं पुढचं टोक येतं तिथे, दातांनी खाजवत राहतात. 1993 साली कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेमक्या याच जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसलं. खरारा करताना तिथे हात थांबला की घोड्याचा वरचा ओठ लांब होऊन थरथरतो तो याचमुळे. तुम्ही दिवसातून अर्धा तास खरारा कराल, उरलेले साडेतेवीस तास कोण?

दुसरी गोष्ट झोपेची. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ झोपेचा जो टप्पा त्याला गरजेचा आहे त्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तेवढा हवा. आसपास पहारा देणारं कोणी नसेल तर कित्येक घोडे आडवे होण्याचं धाडसच करत नाहीत. मग उभ्याउभ्या झोप लागते, पुढचे पाय मुडपतात, घोडा कोसळता कोसळता सावरतो. तुमच्या एकट्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या सांध्यांवर, समोरच्या बाजूला, खरचटल्याचे जुने-नवे व्रण असतील तर तो रात्री झोपतो का हे आधी शोधा. पहाटे जाऊन अंगाला पेंढा चिकटलाय का बघा, नाहीतर रात्रभर कॅमेरा लावा.

स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांत हे कायद्यातच घातलं: घोडा असो की गाढव, त्याला त्याच्या वंशातलं दुसरं जनावर दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे आणि त्याचा वास आला पाहिजे. शेळी या हिशेबात धरलीच जात नाही. मला हा नियम फार आवडतो.

शर्यतीच्या घोड्यांना शेळ्या असतात, मग आम्हाला काय हरकत, असा युक्तिवाद ठरलेला असतो. सीबिस्किट या अमेरिकन घोड्याचं उदाहरण त्यांनी पूर्ण वाचावं. 1936 साली तो टॉम स्मिथ या प्रशिक्षकाकडे आला तेव्हा ठाणात सारखा फेऱ्या मारायचा, खाणं सोडलेलं. स्मिथने प्रथम त्याच्याजवळ शेळीच ठेवली. सीबिस्किटने तिला दातांत धरून हलवलं आणि दाराबाहेर टाकून दिलं. त्यानंतर स्मिथने पम्पकिन नावाचा एक शांत, कामात मुरलेला घोडा आणला, मधली भिंत पाडून दोघांची एक खोली केली, आणि घोडा निवला. पुढे तिथे एक कुत्रा आणि एक माकडही राहायला आलं, पण पायाभरणी घोड्याने झाली होती.

सगळ्यांना दुसरा घोडा परवडत नाही, मान्य. मग म्हातारा, कामातून मोकळा झालेला घोडा बघा, थोराड तट्टू बघा. फक्त एक लक्षात ठेवा: स्वार होता येत नाही म्हणून तो स्वस्तात पोसला जाईल असं नसतं. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजलेले असतात, त्याला चारा भिजवून द्यावा लागतो, नालबंद आणि औषध त्यालाही तेवढंच लागतं. शेजारी कोणाचा घोडा असेल तर दोघांना एकत्र ठेवण्याचं जमतंय का हेही विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर कुंपणापलीकडेच असतं.

एका पोत्यातून सगळ्यांना खाणं

ही चूक मला सर्वांत जास्त संताप आणते, कारण यात जनावर मरतं आणि घरातल्या कोणाला कारणसुद्धा कळत नाही.

एका ओळखीच्या घरी एक घोडी होती, चांगली चालणारी, स्वभावाने मऊ. तिला सोबत म्हणून दोन वासरं आणून शेजारच्या गोठ्यात ठेवली. घोडी निवली, वासरांच्या अंगाला नाक लावून उभी राहायला लागली, सगळे खूश. वासरांसाठी वाढीचं तयार खाद्य आणलं होतं. एके दिवशी चंदी संपली. संध्याकाळी खाणं घालणाऱ्या मुलाने वासरांच्या पोत्यातून दोन मापं काढून घोडीच्या गव्हाणीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, कारण घोडीने कुरकुर न करता खाल्लं होतं. तिसऱ्या सकाळी घोडी घामाने निथळत उभी होती, मागचे पाय लटपटत होते, चंदीकडे बघत नव्हती. घरच्यांना वाटलं पोटशूळ. ते तिला चालवत राहिले.

मी पोहोचलो तेव्हा पशुवैद्य तिच्या छातीला नळी लावून उभे होते आणि ठोके ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काल काय खाल्लंय?’ पोतं आणलं गेलं. शिवणीजवळच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: मोनेन्सिन आहे, घोड्यांना देऊ नये.

मोनेन्सिन हे गाईगुरांच्या खाद्यात पचन सुधारण्यासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यात आतड्यांचा एक रोग रोखण्यासाठी घालतात. सॅलिनोमायसिन आणि लॅसालोसिड ही त्याचीच भावंडं. गाय जेवढं पचवते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात घोडा मरतो. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम त्याला पुरतात. ते थेट हृदयाच्या आणि पायांच्या स्नायूंवर घाव घालतं. त्यावर उतारा नाही. लवकर कळलं तर पशुवैद्य पोटातलं विष शोषलं जाऊ नये म्हणून औषधी कोळसा देतात, बाकी आधार देत राहणं एवढंच हातात असतं.

ती घोडी वाचली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, दोन महिने विश्रांती दिली, मग खोगीर चढवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदयाची तपासणी केल्याशिवाय स्वारी नको, कारण मेलेल्या स्नायूच्या जागी वण राहतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पण घोडी चकचकीत दिसत होती, खात-पीत होती. दौडीत ती स्वारासकट पडली आणि उठली नाही. स्वाराचा खांदा मोडला. घरचे आजही म्हणतात की ती अडखळली.

हा प्रकार उलट्या दिशेनेही होतो. घोड्याच्या खाद्यात तांबं भरपूर असतं, घोड्याला ते चालतं. मेंढीला ते विष आहे. मेंढीच्या कोरड्या आहारात किलोमागे 15 मिलिग्रॅमच्या वर तांबं गेलं की धोका सुरू होतो, घोडा 250 मिलिग्रॅमपर्यंत झेपवतो. मेंढीचं यकृत ते गुपचूप साठवत राहतं, आठवडेच्या आठवडे मेंढी ठणठणीत दिसते, आणि मग एखाद्या दिवशी प्रवास, लोकर कातरणं किंवा कुत्र्याची धावपळ एवढं निमित्त पुरतं. साठलेलं तांबं रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी काळपट, आणि एक-दोन दिवसांत मेंढी जाते. घोड्याची खनिजांची वीट चाटूनही हे होतं. शेळीला तांबं मेंढीपेक्षा जास्त लागतं, म्हणून मेंढीची वीट शेळीला लावून देणंही बरोबर नाही.

खच्ची केलेला बोकड घोड्याची चंदी चोरून खात असेल तर त्याच्या मूत्रमार्गात खडे होतात. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, त्याचा हा परिणाम. बोकड पाठ वाकवून कुंथताना दिसला की लोकांना बद्धकोष्ठ वाटतं. ते लघवी तुंबणं असतं आणि वाट बघायला वेळ नसतो, त्याच तासाला डॉक्टर बोलवा.

मी हे असं करतो. घोड्याचं खाद्य एका खोलीत, बाकीच्यांचं दुसऱ्या खोलीत, मधे दार. मापं वेगळ्या रंगांची, आणि एका खोलीचं माप दुसऱ्या खोलीत दिसलं तर ते त्या दिवशी वापरायचं नाही, धुवून परत जागेवर. खाद्य डब्यात ओतलं की पोत्यावरची चिठ्ठी कापून झाकणाला आतून चिकटवायची. गाईगुरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य घ्यायचंच असेल तर ही औषधं नसलेलं मागायचं आणि चिठ्ठी स्वतः वाचायची, विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जायचं नाही. शेळ्यांना खायला एक छोटा कप्पा, ज्याच्या फटीतून शेळी जाते पण घोड्याचं डोकं जात नाही. आणि चंदीच्या खोलीला कडी हवी, दोरी नको. शेळी दोरी सोडते, साधी खिट्टीही ओठांनी उचलते.

आणलं आणि सोडलं

दुसरी माझी दुखरी नस. जनावर गाडीतून उतरतं, दार उघडतात, आत सोडतात आणि मोबाइल काढून चित्रण सुरू करतात. ‘बघू या मैत्री होते का.’

एकदा अशाच एका ठिकाणी एका तट्टाला, वयस्क घोडीला, संध्याकाळी आणून थेट खच्ची केलेल्या मोठ्या घोड्याच्या कुरणात सोडलं होतं. घोडा गरीब म्हणून प्रसिद्ध, लहान मुलं त्याच्यावर बसायची. कुरणाच्या एका टोकाला पाण्याचा हौद आणि त्याच्या मागे दोन कुंपणांचा टोकदार कोपरा. अंधार पडत आला, माणसं थोडा वेळ बघून जेवायला गेली. प्रवासाने तहानलेली घोडी पाण्याकडे गेली. घोड्याच्या लेखी हौद त्याचा होता. त्याने तिला कोपऱ्यात दाबलं आणि तिला पळायला वाटच नव्हती. मला सकाळी बोलावणं आलं. तिच्या मागच्या पायाचं, गुडघ्याच्या खालचं मोठं हाड तुटलं होतं आणि कातडीबाहेर आलं होतं. त्या घोड्याच्या मागच्या पायांना नवे लोखंडी नाल होते. पशुवैद्यांनी तिला तिथेच शांत केलं, दुसरा उपाय नव्हता.

त्या घरच्या माणसांनी घोड्याला दोष दिला, खुनशी निघाला म्हणाले. घोडा खुनशी नव्हता. अनोळखी जनावर आपल्या पाण्यावर आल्यावर घोडा जे करतो ते त्याने केलं. समोरच्याला मागे सरायला जागा असती तर दोन किंकाळ्या आणि एक हुकलेली लाथ एवढ्यावर भागलं असतं.

आता मी हे कसं करतो ते सांगतो. नवं जनावर आलं की आधी किमान तीन आठवडे वेगळं. घोडा किंवा गाढव असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. मोठ्या घोड्याचं तापमान 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं. स्ट्रँगल्स हा जबड्याखाली गाठी येणारा घोड्यांचा संसर्ग शरीरात शिरल्यापासून तीन ते चौदा दिवसांत डोकं वर काढतो, म्हणून आठवडाभर ठेवून ‘बरा दिसतोय’ म्हणण्याला अर्थ नाही. त्याची बादली, ब्रश, दोरी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्ग किंवा घोड्यांचा संसर्गजन्य पंडुरोग ज्या भागात आहे तिथे रक्ताची तपासणी आल्याशिवाय जनावर दारातसुद्धा घेऊ नये. ग्लँडर्स माणसालाही होतो.

तीन आठवड्यांनंतर शेजारशेजारच्या दोन कुरणांत. मधे दुहेरी कुंपण असेल तर उत्तम, म्हणजे नाकं पोहोचतात, पाय पोहोचत नाहीत. इथे किती दिवस, हे मी ठरवत नाही, ती दोघं ठरवतात. कुंपणाच्या दोन बाजूंना एकमेकांजवळ उभं राहून निवांत चरायला लागली, पाठ फिरवून उभी राहायला लागली, की तयार. त्या दिवशी मागच्या पायांचे नाल काढून घ्यायचे. टोकदार कोपरे आडवे बांबू लावून गोल करायचे. चाऱ्याचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, एकमेकांपासून लांब. पाणी दोन ठिकाणी. वेळ सकाळची, दोघांची पोटं भरलेली, आणि मला दिवसभर दुसरं काम नसलेली. घोडे किंचाळतील, पुढचा पाय आपटतील, कान पाडून पळवतील, हे चालतं. पण एक जण दुसऱ्याला खाली मान घालून, दात काढून सतत पाठलाग करत असेल, खायला-प्यायला-बसायला देत नसेल, तर वेगळं करून मागच्या पायरीवर जायचं. आणि मधे माणसाने जायचं नाही, कितीही धीट असला तरी.

शेळी-मेंढीच्या बाबतीत आणखी सावध. काही घोडे लहान जनावराला खेळणं समजून उचलतात, झोडपतात, विशेषतः तरुण नर. शेळीला आत शिरून बसता येईल अशी, घोड्याला न पोहोचणारी जागा आधी बांधा, मग शेळी आणा. ‘आधी बघू जमतं का, मग बांधू’ म्हणणाऱ्यांना मी शेळी देऊ नका असं विकणाऱ्यालाच सांगतो.

सोबत्याला सोबत न देणं

एकच शेळी. घोडा फिरायला गेला की ती कुंपणापाशी उभी राहून घसा फुटेपर्यंत ओरडते. आधी एक जनावर एकटं होतं, आता दोघं आलटून पालटून एकटी. शेळी आणायची तर दोन आणा. मेंढी तर एकटी राहूच शकत नाही, ती खंगते. गाढवाचंही तेच, गाढवाची खरी जोडी गाढवाशीच जमते आणि ती घट्ट असते. जोडीतलं एकच गाढव उचलून आणलं तर ते खाणं सोडतं, आणि गाढवाने खाणं सोडणं म्हणजे नुसतं रुसणं नसतं. उपाशी गाढवाचं शरीर साठवलेली चरबी इतक्या वेगाने रक्तात सोडतं की यकृत आणि मूत्रपिंड बंद पडू शकतात. लठ्ठ गाढवांत हा धोका सर्वांत जास्त. गाढव एक वेळ जेवलं नाही तर दुसऱ्या वेळेची वाट बघू नका.

गाढवाला लहान घोडा समजणं

गाढव घोड्याचा चांगला सोबती होऊ शकतं, आणि शेळीपेक्षा मी कधीही गाढवं पसंत करीन. पण ते कोरड्या, विरळ चाऱ्यावर जगण्यासाठी घडलेलं आहे. घोड्याच्या हिरव्यागार कुरणावर सोडलं की मानेवर चरबीची वळी येते, मग खुरांत दाह होतो आणि चालणं बंद. त्याला मुख्यतः पेंढा द्यायचा, चंदी द्यायची नाही. त्याच्या केसांतून पावसाचं पाणी घोड्याच्या केसांपेक्षा लवकर आत झिरपतं, म्हणून कोरडा निवारा लागतो.

फुप्फुसातल्या जंतांची गोष्ट तर बहुतेक घोडेवाल्यांना माहीतच नसते. गाढवाच्या फुप्फुसात हे जंत असतात आणि गाढवाला काही होत नाही. त्याच कुरणावर चरणाऱ्या घोड्याला मात्र महिनोन्‌महिने खोकला लागतो आणि विष्ठेच्या तपासणीत काही सापडत नाही, कारण घोड्यात ते जंत क्वचितच अंडी घालण्याइतके मोठे होतात. खोकणाऱ्या घोड्याच्या डॉक्टरांना शेजारी गाढव असल्याचं आठवणीने सांगा. नवं गाढव वेगळं ठेवलेलं असतानाच त्याची विष्ठा तपासून घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन द्या.

नर गाढव खच्ची केलेलंच घ्या. घोडीजवळ अखंड नर ठेवलात तर खेचर होईल, आणि शिंगरू असलेल्या घरात तर त्याला पायच ठेवू देऊ नका. ते शिंगरांवर हल्ला करतं. मादी घेताना गाभण आहे का तपासून घ्या. गाढवीचे दिवस साधारण वर्षभराचे असतात, त्यामुळे आणून दहा महिने झाले तरी ‘आता काही भीती नाही’ म्हणता येत नाही.

या बाकीच्या

शिंगवाली शेळी नको. घोड्याच्या पोटाला आणि डोळ्याला शिंग लागतं ते भांडणात लागतंच असं नाही, खाज सुटली म्हणून मान फिरवतानाही लागतं.

घोड्याचं दोन आडव्या फळ्यांचं कुंपण शेळीला अडवत नाही. म्हणून मोठ्या चौकोनांची जाळी लावतात आणि मग तिच्यात घोड्याचा खूर अडकतो. जाळी लावायचीच तर खूर जाणार नाही इतक्या बारीक विणीची. काटेरी तार कोणासाठीच नको.

कोंबड्या गोठ्यात फिरल्या की छान दिसतात. त्या चाऱ्यावर हगतात, त्यातून साल्मोनेला हा जिवाणू पसरतो, त्यांच्यावर जगणारे लाल माइट हे बारीक किडे रात्री घोड्याला चावतात, आणि त्यांच्या खाद्याबद्दल वर सांगितलंच आहे.

डुकराच्या वासाने कित्येक घोडे बिथरतात. ठेवायचंच असेल तर आधी लांबून, वाऱ्याच्या दिशेने सवय लावा.

मांजर गोठ्यात असावी, उंदरांसाठी. तिला सोबती म्हणू नका. कुत्राही सोबती नाही. पळणाऱ्या घोड्यामागे लागणारा कुत्रा तर मुळीच नाही.

लामा किंवा अल्पाका ठेवणाऱ्यांनी जाणून घ्यावं की घोड्यांचा एक नागीण विषाणू त्यांना होतो आणि त्यात ते आंधळे झालेले आहेत.

आरसा. ठाणात आरसा लावल्याने काही घोड्यांचं झुलणं कमी होतं, 2002 च्या एका अभ्यासात ते दिसलं आहे. प्रवासात किंवा आजारपणात वेगळं ठेवावं लागलं तर मीही लावतो, न फुटणाऱ्या ॲक्रिलिकचा. पण वर्षानुवर्षं एकट्या घोड्याला आरशावर ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अगदी छोट्या जातीचा घोडा मोठ्या घोड्याजवळ ठेवताना लाथेची उंची बघा. मोठ्या घोड्याच्या पोटरीला लागणारी लाथ छोट्याच्या डोक्याला लागते.

जंतांच्या बाबतीत मात्र शेळ्या-मेंढ्या उपयोगी पडतात. त्यांचे बहुतेक जंत घोड्याला लागत नाहीत आणि घोड्याचे त्यांना, त्यामुळे आळीपाळीने चरायला सोडलं तर कुरण स्वच्छ राहायला मदत होते. पोटातला एक बारीक जंत दोन्हीकडे चालतो, तेव्हा विष्ठेची तपासणी सुटत नाही. घोड्याची जंताची पेस्ट अंदाजाने शेळीच्या तोंडात पिळू नका, तिची मात्रा वेगळी असते.

जोडी जमली, आता दोघं सुटत नाहीत

सगळं नीट केल्यावर येणारी अडचण ही. एकाला दोन पावलं बाहेर नेलं की दुसरा कुंपणावर उड्या मारतो, घामाने भिजतो. मग मालक म्हणतो, सोबती आणला हेच चुकलं. चूक सोबती आणण्यात नव्हती, पहिले काही महिने दोघांना एक क्षणही वेगळं न करण्यात होती. जोडी जमल्याच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एकाला हलवायचं. आधी दिसेल इतक्या अंतरावर, मागे राहणाऱ्याला त्याचं आवडतं खाणं देऊन. मागचा खाणं सोडून ओरडायला लागण्याआधी परत आणायचं. उद्या थोडं लांब, परवा आडोशामागे. जो ओरडायला लागल्यावर परत आणतो तो जनावराला ओरडायचंच शिकवतो. जागा आणि ऐपत असेल तर तिसरं जनावर ठेवणं हा यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय. एक बाहेर गेला तरी मागे दोघं उरतात.

आणि जोडीतला एक गेला तर मागे राहिलेल्याला ते शरीर बघू द्या, हुंगू द्या. काही जनावरं मिनिटभरात वळतात, काही तासभर उभी राहतात. त्यांनी स्वतःहून पाठ फिरवेपर्यंत उचलायची घाई करू नका. न दाखवता नेलं तर मागचा जनावर दिवस दिवस हाका मारत कुंपण धरून फिरतो. गाढव असेल तर त्या आठवड्यात त्याच्या खाण्यावर रोज दोन्ही वेळा नजर ठेवा. नवा सोबती शोधायला मात्र त्या आठवड्यात निघू नका. ओळखीच्या कोणाचं शांत, तपासलेलं जनावर थोड्या दिवसांसाठी शेजारच्या कुरणात मिळालं तर आणा, आणि कायमचा सोबती वरची सगळी उजळणी करून, सावकाश निवडा.